पेशीबाह्य आधारद्रव्यातील प्रथिनांचे पेशीअंतर्गत कार्य : ऑस्टिओपॉन्टिनच्या विशेष संदर्भात

सारांश

बहुपेशीय प्राण्यांच्या ऊतींमध्ये पेशींच्या सभोवती प्रथिनांचे व शर्करायुक्त बहुवारिकांचे जे जाळे असते, त्यास पेशीबाह्य आधारद्रव्य असे म्हणतात. या द्रव्यातील प्रथिने पेशीच्या आत तयार होतात आणि पेशीच्या बाहेर कार्य करतात, अशी दीर्घकाळची धारणा आहे. तथापि १९९० नंतरच्या संशोधनातून असे दिसून आले की, यांपैकी काही प्रथिने पेशीद्रवात, आंतर्द्रव्यजालिकेत किंवा केंद्रकातही स्वतंत्र कार्य करतात. प्रस्तुत लेखात ही प्रथिने पेशीच्या आत कोणत्या मार्गांनी राहतात, तेथे काय करतात, या संदर्भातील पुरावा कितपत भक्कम आहे आणि वैद्यक व अध्यापन यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : पेशीबाह्य आधारद्रव्य, स्रावमार्ग, संकेतक्रम, ऑस्टिओपॉन्टिन, थ्रॉम्बोस्पॉन्डिन, केंद्रक.

१. प्रस्तावना

विज्ञानातील संज्ञा सोयीसाठी तयार होतात. परंतु एकदा रूढ झाल्या की त्या विचारालाही दिशा देऊ लागतात. ‘पेशीबाह्य आधारद्रव्य’ ही अशीच एक संज्ञा होय. एखादे प्रथिन प्रथम हाडातून, कास्थीतून किंवा त्वचेतून वेगळे केले गेले की त्याची नोंद ‘पेशीबाह्य’ या वर्गात होते. पुढे तेच प्रथिन पेशीच्या आत आढळले, तर ते बाहेर जाण्याच्या वाटेवर असावे किंवा प्रयोगात काही चूक झाली असावी, असे गृहीत धरले जाते. अनेकदा हे गृहीत बरोबरही असते. मात्र ते नेहमीच बरोबर असते काय, हा प्रश्न गेल्या तीन दशकांत गांभीर्याने विचारला गेला आहे.

हा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा नाही. एखाद्या रोगात एखादे प्रथिन वाढलेले आढळते आणि त्याला अडविण्यासाठी प्रतिपिंड तयार केले जाते. प्रतिपिंड पेशीच्या बाहेरच राहते. त्या प्रथिनाचे हानिकारक कार्य पेशीच्या आत चालत असेल, तर असे औषध योग्य प्रथिनावर परंतु चुकीच्या ठिकाणी नेम धरत असते. म्हणून प्रथिनाचा पत्ता जाणून घेणे हे त्याची ओळख जाणून घेण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

२. पेशीबाह्य आधारद्रव्याचे स्वरूप

आधारद्रव्यात प्रामुख्याने कोलॅजेन, इलॅस्टिन, फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन यांसारखी प्रथिने आणि प्रोटिओग्लायकन यांचा समावेश होतो. पृष्ठवंशीय प्राण्यांत कोलॅजेनचे २८ प्रकार ज्ञात आहेत. मानवाच्या जनुकसंचात आधारद्रव्याची मूळ घटक-प्रथिने सांकेतिक करणारी सुमारे ३०० जनुके आहेत. त्यांच्याशी निगडित विकर, वृद्धिघटक व अन्य सहायक प्रथिने धरली तर ही संख्या सुमारे १००० पर्यंत जाते.

प्रारंभी आधारद्रव्याकडे पेशींना धरून ठेवणारा निष्क्रिय सांगाडा म्हणून पाहिले जात असे. ही दृष्टी १९८० च्या दशकात बदलली. १९८२ मध्ये मीना बिसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले की, पेशी आधारद्रव्य घडविते आणि आधारद्रव्यही पेशीतील जनुकांच्या अभिव्यक्तीवर परिणाम करते. त्याच दशकात पेशीपटलावरील इंटेग्रिन या ग्राहक-प्रथिनांचा शोध लागला आणि बाहेरील आधारद्रव्याचा संदेश पेशीच्या आत कसा पोहोचतो, याचे स्पष्टीकरण मिळाले. या मांडणीत आधारद्रव्य सक्रिय झाले खरे. परंतु त्याचे स्थान बाहेरच राहिले. प्रथिन दारावर थांबते, संदेश तेवढा आत जातो, असे ते चित्र होते. प्रस्तुत लेखाचा विषय याच्या पुढचा आहे. येथे प्रथिन स्वतःच आत असते.

३. प्रथिनाचा नेहमीचा प्रवास

अपवाद समजून घेण्यासाठी प्रथम नियम पाहणे आवश्यक आहे. जी प्रथिने पेशीबाहेर जायची असतात, त्यांच्या आरंभी सामान्यतः १६ ते ३० अमिनो आम्लांचा एक संकेतक्रम असतो. रायबोसोमवर प्रथिनाची साखळी तयार होऊ लागताच हा क्रम ओळखला जातो आणि संपूर्ण रायबोसोम आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलाशी आणला जातो. साखळी पटलातील छिद्रातून जालिकेच्या पोकळीत उतरते व संकेतक्रम कापला जातो. पुढे गॉल्जी संकुल आणि स्रावपुटिका यांमधून प्रथिन बाहेर पडते. या स्रावमार्गाच्या अभ्यासासाठी जॉर्ज पॅलाडे यांना १९७४ मध्ये, तर संकेतक्रमाच्या सिद्धांतासाठी गुंटर ब्लोबेल यांना १९९९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक मुद्दा विशेष लक्षात घ्यावा लागतो. आंतर्द्रव्यजालिकेची पोकळी पेशीच्या आत असली, तरी रचनेच्या दृष्टीने ती ‘बाहेर’च असते. पोकळीतील प्रथिनाला पेशीबाहेर जाण्यासाठी पुन्हा एखादे पटल ओलांडावे लागत नाही. पुटिका पेशीपटलाशी एकरूप झाली की ते आपोआप बाहेर येते. खऱ्या अर्थाने ‘आत’ म्हणजे पेशीद्रव आणि केंद्रक. त्यामुळे पेशीअंतर्गत कार्याचा विचार करताना दोन प्रकार वेगळे ठेवले पाहिजेत : स्रावमार्गाच्या पोकळीत राहून केलेले कार्य आणि पेशीद्रवात किंवा केंद्रकात केलेले कार्य. या दोहोंची गल्लत झाल्यास विवेचन निष्फळ ठरते.

कोलॅजेनचे उदाहरण या मार्गाचे गुंतागुंतीचे स्वरूप दाखविते. कोलॅजेनच्या तिहेरी सर्पिल रचनेचे प्रतिमान १९५४-५५ मध्ये मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडले, ही भारतीय विज्ञानातील अभिमानाची घटना आहे. या सर्पिलाच्या तीन साखळ्या आंतर्द्रव्यजालिकेतच एकमेकींभोवती गुंफल्या जातात. त्याआधी साखळीतील प्रोलिन या अमिनो आम्लावर हायड्रॉक्सिल गट जोडावा लागतो आणि ते करणाऱ्या विकराला लोह व क जीवनसत्त्व यांची गरज असते. हायड्रॉक्सिल गट नसलेले कोलॅजेन सुमारे २४ अंश सेल्सिअसलाच उलगडते; म्हणजे ३७ अंशांच्या शरीरात ते टिकू शकत नाही. जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये जहाजावरील खलाशांवर लिंबूवर्गीय फळांचा प्रयोग केलेला स्कर्व्ही हा रोग हिरड्यांत व रक्तवाहिन्यांत दिसतो. पण त्याचे मूळ पेशीच्या आत, जालिकेच्या पोकळीत असते. तयार झालेला प्रोकोलॅजेनचा दांडा सुमारे ३०० नॅनोमीटर लांब असतो, तर जालिकेतून निघणाऱ्या नेहमीच्या पुटिकांचा व्यास ६० ते ९० नॅनोमीटर असतो. एवढा लांब दांडा बाहेर काढण्यासाठी टँगो-१ नावाच्या स्वतंत्र प्रथिनाचे साहाय्य लागते.

तात्पर्य, आधारद्रव्याचे प्रथिन बाहेर पाठविणे हे पेशीच्या दृष्टीने खर्चिक व काटेकोर काम आहे. असे असताना काही प्रथिने आतच राहतात, ती कशी?

४. आत राहण्याचे मार्ग

आजवरच्या संशोधनातून पुढील मार्ग स्पष्ट झाले आहेत.

(अ) भाषांतरणाचा पर्यायी आरंभ : एकाच संदेशवाहक आरएनएचे भाषांतरण नेहमीच्या आरंभस्थानाऐवजी पुढच्या एखाद्या स्थानापासून सुरू झाले, तर संकेतक्रम वगळला जातो. मग उरलेले प्रथिन तेच असूनही त्याला स्रावमार्गाचा प्रवेश मिळत नाही आणि ते पेशीद्रवात राहते. ऑस्टिओपॉन्टिन हे याचे प्रमुख उदाहरण होय.

(आ) दुर्बल संकेतक्रम : काही प्रथिनांचा संकेतक्रम पुरेसा परिणामकारक नसतो. परिणामी तयार झालेल्या रेणूंपैकी मोठा भाग पेशीद्रवातच राहतो. आधारद्रव्याचे विघटन करणाऱ्या एमएमपी-२ या विकराबाबत असे दिसून आले आहे.

(इ) स्रावमार्गातच कार्य : थ्रॉम्बोस्पॉन्डिन-४ हे प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेच्या पोकळीत असतानाच एक वेगळे कार्य करते.

(ई) बाहेरून पुन:प्रवेश : प्रथिन बाहेर जाते, तेथे पूर्णावस्थेला येते आणि नंतर पेशी ते पुन्हा आत घेते. कोलॅजेन व इलॅस्टिन यांच्यात आडवे बंध निर्माण करणारे लायसिल ऑक्सिडेज हे विकर गुळगुळीत स्नायुपेशींच्या केंद्रकात आढळल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. २००० मध्ये असेही दाखविले गेले की, बाहेर पूर्णपणे तयार झालेले विकर पुन्हा पेशीत शिरून केंद्रकापर्यंत पोहोचते.

याच्या नेमके उलट उदाहरण गॅलेक्टिन या प्रथिनांचे आहे. त्यांना संकेतक्रमच नसतो. ती पेशीद्रवात तयार होतात आणि नेहमीचा स्रावमार्ग टाळून बाहेर पडतात. गॅलेक्टिन-३ बाहेर आधारद्रव्यातील शर्करासाखळ्यांशी बंध जोडते, तर केंद्रकात आरएनएच्या जुळणीप्रक्रियेत भाग घेते, हे १९९५ मधील प्रयोगांतून पुढे आले. आतून बाहेर आणि बाहेरून आत अशा दोन्ही दिशांचा प्रवास पाहिला म्हणजे पेशीपटल ही भिंत नसून नियंत्रित प्रवेशद्वार आहे, याची खात्री पटते.

५. ऑस्टिओपॉन्टिन : एक जनुक, दोन पत्ते

ऑस्टिओपॉन्टिन हे प्रथिन १९८० च्या दशकात हाडाच्या आधारद्रव्यातून ओळखले गेले. स्वीडनमधील लुंड येथील संशोधकांनी १९८६ मध्ये त्याचा क्रम निश्चित करून त्यास हे नाव दिले. ‘ऑस्टिओ’ म्हणजे अस्थी आणि ‘पॉन्स’ म्हणजे सेतू. पेशी आणि अस्थीतील खनिज यांना जोडणारा सेतू असा त्याचा अर्थ. मानवी ऑस्टिओपॉन्टिनमध्ये ३१४ अमिनो आम्ले असून त्यांपैकी पहिल्या १६ अमिनो आम्लांचा संकेतक्रम आहे. त्यात आर्जिनिन-ग्लायसिन-अ‍ॅस्पार्टिक आम्ल हा त्रिक्रम असतो, ज्याला इंटेग्रिन ओळखतात. यावरून ते आधारद्रव्यातील एक नमुनेदार प्रथिन ठरते.

गंमत अशी की, याच प्रथिनाचा शोध १९८९ मध्ये अगदी वेगळ्या वाटेनेही लागला. सक्रिय झालेल्या टी-लिम्फोसाइट पेशींत लवकर व्यक्त होणारे एक जनुक सापडले व त्यास ‘ईटा-१’ असे नाव देण्यात आले. हाडाचे अभ्यासक आणि प्रतिकारशक्तीचे अभ्यासक काही काळ एकाच प्रथिनाबद्दल दोन नावांनी बोलत होते. एका विद्याशाखेच्या सीमेत राहून प्रथिनाचे पूर्ण दर्शन होत नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

पेशीच्या आतील ऑस्टिओपॉन्टिनकडे प्रथम लक्ष वेधले ते टोरोंटो येथील अभ्यासाने. १९९७ व २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, स्थलांतर करणाऱ्या तंतुजनक पेशींत हे प्रथिन पेशीपटलाच्या आतील बाजूस, सीडी-४४ हे ग्राहक-प्रथिन आणि त्याला पेशीकंकालाशी जोडणारी प्रथिने यांच्या सान्निध्यात आढळते. स्रावपुटिकांत असलेल्या प्रथिनाचे वितरण असे नसते. यावरून आतील रूप वेगळे असावे, असा कयास बांधला गेला.

निर्णायक पुरावा पुढील दशकात मिळाला. बोस्टन येथील हार्वे कँटर, मारी शिनोहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्लाझ्मासायटॉइड डेन्ड्रायटिक पेशींचा अभ्यास प्रसिद्ध केला. विषाणूचा संसर्ग झाल्यास या पेशी मोठ्या प्रमाणात इंटरफेरॉन-अल्फा स्रवतात. विषाणूंच्या किंवा जिवाणूंच्या डीएनएची ओळख टीएलआर-९ या ग्राहकाद्वारे पटते आणि तो संदेश मायडी-८८ या जुळवणी-प्रथिनामार्फत पुढे जाऊन आयआरएफ-७ हा प्रतिलेखन-घटक केंद्रकात शिरतो. ऑस्टिओपॉन्टिन नसलेल्या उंदरांच्या पेशींत ही साखळी तुटत होती. पेशीद्रवातील ऑस्टिओपॉन्टिन या संदेशसंकुलात प्रत्यक्ष सहभागी असते, असे त्यातून निष्पन्न झाले. अस्थीतील ‘सेतू’ येथेही सेतूचेच काम करीत होता. फक्त तो पेशीद्रवात होता.

हे प्रथिन पेशीद्रवात येते कसे, या प्रश्नाचे उत्तर याच संशोधकगटाने २००८ मध्ये दिले. एकाच संदेशवाहक आरएनएपासून दोन रूपे तयार होतात. भाषांतरण नेहमीच्या स्थानापासून सुरू झाल्यास संकेतक्रमासहित रूप बनते व ते स्रवले जाते; पुढच्या स्थानापासून सुरू झाल्यास संकेतक्रमाविना किंचित लहान रूप बनते व ते आत राहते. दोन जनुके नाहीत, दोन आरएनएही नाहीत. केवळ वाचनाचा आरंभ बदलतो.

२०१५ मध्ये आणखी एक दुवा जोडला गेला. प्रतिपिंडनिर्मितीत बी-पेशींना साहाय्य करणाऱ्या टी-पेशींचे स्वरूप टिकविण्यासाठी बीसीएल-६ हा प्रतिलेखन-घटक आवश्यक असतो. पेशीअंतर्गत ऑस्टिओपॉन्टिन केंद्रकात जाऊन बीसीएल-६ शी संलग्न होते आणि त्याचे विघटन रोखते, असे दिसून आले. या अभ्यासासाठी ज्यांच्यात केवळ पेशीअंतर्गत रूप तयार होते, असे उंदीर वापरण्यात आले. या साधनाचे महत्त्व मोठे आहे. कारण पूर्वीच्या जनुक-वंचित उंदरांत दोन्ही रूपे एकाच वेळी नष्ट होत असत व कोणत्या परिणामाला कोणते रूप जबाबदार, हे सांगता येत नसे. २०१७ मध्ये असेही आढळले की, रक्तपेशींच्या पूर्वज-पेशींचे प्रमाण ठरविण्यात दोन रूपांचे परिणाम भिन्न असतात : स्रवलेले रूप लिम्फॉइड पेशींची संख्या वाढविते, तर आतील रूप मायलॉइड पूर्वज-पेशींची संख्या मर्यादित ठेवते.

ऑस्टिओपॉन्टिनलाच हे दुहेरी जीवन का शक्य झाले असावे? पेशीद्रव आणि पेशीबाह्य द्रव ही दोन अतिशय भिन्न परिसरे आहेत. बाहेर कॅल्शियमचे प्रमाण पेशीद्रवाच्या सुमारे दहा हजार पट असते. पेशीद्रवात डायसल्फाइड बंध सहसा बनत नाहीत. कोलॅजेन किंवा फायब्रोनेक्टिन यांसारख्या, विशिष्ट घडी व बंध यांवर अवलंबून असणाऱ्या प्रथिनाला तेथे आपले रूप टिकविणे कठीण जाईल. ऑस्टिओपॉन्टिन मात्र मूलतःच ठरावीक त्रिमितीय घडी नसलेले, लवचीक प्रथिन आहे. घडीच नसल्याने परिसर बदलला तरी त्याचे फारसे बिघडत नाही आणि निरनिराळ्या जोडीदारांशी ते जुळवून घेऊ शकते. सर्वच आधारद्रव्य-प्रथिने आत कार्य करतील असे समजू नये. ज्यांची रचना त्यास अनुकूल आहे, तीच ते करू शकतील.

६. हृदयपेशीतील दोन उदाहरणे

हृदयाच्या स्नायुपेशींत या विषयाची दोन परस्परविरोधी उदाहरणे आढळतात. एकात पेशीअंतर्गत प्रथिन रक्षक आहे, तर दुसऱ्यात घातक.

पहिले उदाहरण थ्रॉम्बोस्पॉन्डिन-४ चे. हृदयावर ताण आला असता त्याचे प्रमाण वाढते. २०१२ मध्ये जेफ्री मोल्केन्टिन यांच्या संशोधकगटाने दाखविले की, आंतर्द्रव्यजालिकेच्या पोकळीत हे प्रथिन एटीएफ-६-अल्फा या घटकाशी जोडले जाते आणि त्याच्या पुढील प्रवासाला चालना देते. एटीएफ-६-अल्फा गॉल्जी संकुलात कापला जातो व त्याचा तुकडा केंद्रकात जाऊन प्रथिनांची घडी सुधारणाऱ्या जनुकांना कार्यान्वित करतो. थ्रॉम्बोस्पॉन्डिन-४ नसलेल्या उंदरांची हृदये ताणाला लवकर बळी पडली. ज्यांच्या हृदयात ते अधिक होते, त्यांना संरक्षण मिळाले. बाहेर जाण्याच्या वाटेवरील प्रथिन वाटेतच पेशीच्या दुरुस्तीयंत्रणेला जागे करते, असा याचा अर्थ होतो.

दुसरे उदाहरण एमएमपी-२ चे. हे विकर बाहेर कोलॅजेनाचे तुकडे करणारे म्हणून प्रसिद्ध आहे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात रिचर्ड शुल्झ व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, हृदयाचा रक्तपुरवठा काही काळ थांबवून पुन्हा सुरू केल्यावर हे विकर स्नायुतंतूंजवळ सापडले आणि ते ट्रोपोनिन-आय या आकुंचन नियंत्रित करणाऱ्या प्रथिनाचे विघटन करीत असल्याचे दिसून आले. विकराला रोधक दिला असता हृदयाचे कार्य अधिक चांगले टिकले. ज्या ट्रोपोनिनच्या रक्तातील प्रमाणावरून आज हृदयविकाराच्या झटक्याचे निदान केले जाते, त्यालाच कापणारा घटक ‘पेशीबाह्य’ म्हणून गणला गेलेला असावा, ही बाब विचारप्रवृत्त करणारी आहे.

७. पुराव्याचा प्रश्न

नव्या कल्पनेचे आकर्षण असते. म्हणून तिच्या पुराव्याची तपासणी अधिक कठोरपणे करावी लागते. प्रथिन पेशीच्या आत दिसले, एवढ्यावरून त्याचे तेथे कार्य आहे असे सिद्ध होत नाही. प्रत्येक स्रावी प्रथिन काही काळ आत असतेच. वापरलेले प्रतिपिंड अन्य एखाद्या प्रथिनाला चिकटू शकते. पेशी फोडून तिचे घटक वेगळे करताना एका कप्प्यातील प्रथिन दुसऱ्या कप्प्यात मिसळू शकते. जनुकाची अभिव्यक्ती कृत्रिमरीत्या वाढविल्यास स्रावमार्गावर अवाजवी भार येऊन प्रथिन भलत्याच ठिकाणी साचू शकते.

या संदर्भात दंतिन आधारद्रव्य प्रथिन-१, म्हणजेच डीएमपी-१, याची कथा उद्बोधक आहे. दात व हाडे यांच्या खनिजीभवनात त्याचा मोठा वाटा आहे. शिकागो येथील अ‍ॅन जॉर्ज यांच्या गटाने २००३ मध्ये असे मांडले की, अपरिपक्व अस्थिजनक पेशींत हे प्रथिन केंद्रकात असते व तेथे जनुकांच्या नियमनात भाग घेते. पेशी परिपक्व होताना ते फॉस्फेट गटांनी युक्त होऊन बाहेर पडते व खनिजीभवनाला चालना देते. ही मांडणी अतिशय आकर्षक होती : एकच प्रथिन प्रथम आराखडा ठरविते आणि नंतर बांधकामही करते. परंतु २०१४ मध्ये दुसऱ्या एका गटाने तिची थेट परीक्षा घेतली. डीएमपी-१ नसलेल्या उंदरांत, केवळ केंद्रकातच राहील असे या प्रथिनाचे रूप पुरविण्यात आले. केंद्रकातील कार्य महत्त्वाचे असते, तर अस्थीतील दोष काही प्रमाणात तरी कमी व्हायला हवे होते. ते झाले नाहीत.

यावरून केंद्रकात डीएमपी-१ मुळीच नसते किंवा तेथे त्याचे कोणतेच कार्य नसते, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. मात्र सजीवाच्या अस्थिरचनेसाठी त्याचे पेशीबाह्य रूप अनिवार्य आहे आणि केंद्रकातील रूप त्याची जागा घेऊ शकत नाही, इतके निश्चित म्हणता येते. ऑस्टिओपॉन्टिनबाबत केवळ आतील रूप असलेल्या उंदरांनी पुरावा बळकट केला. डीएमपी-१ बाबत तशाच प्रकारच्या प्रयोगाने मूळ दाव्याला मर्यादा घातली. प्रयोगाची पद्धत एकच, उत्तरे दोन. म्हणूनच प्रत्येक प्रथिनाचा निवाडा स्वतंत्रपणे व्हावयास हवा.

सामान्यतः तीन कसोट्या उपयुक्त ठरतात. प्रथिन आत राहण्याची निश्चित यंत्रणा दाखविता येते काय? आत त्याचा नेमका जोडीदार कोण, हे सांगता येते काय? आणि बाहेरील रूप वगळून केवळ आतील रूप ठेवल्यास किंवा याच्या उलट केल्यास अपेक्षित परिणाम दिसतो काय? तिन्ही प्रश्नांची होकारार्थी उत्तरे मिळणारी उदाहरणे आजही मोजकीच आहेत आणि पेशीअंतर्गत ऑस्टिओपॉन्टिन हे त्यांतील एक होय.

८. उपयोजन व अध्यापन

वैद्यकीय उपयोजनाच्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व प्रारंभी सूचित केले आहे. ऑस्टिओपॉन्टिनला अडविणाऱ्या एका प्रतिपिंडाची संधिवाताच्या रुग्णांवर घेतलेली चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत रुग्णांना लक्षणीय लाभ आढळला नाही. अपयशाची कारणे अनेक असू शकतात आणि पेशीअंतर्गत रूप हेच कारण होते, असे म्हणण्यास आधार नाही. तरीही असे प्रतिपिंड त्या रूपापर्यंत पोहोचू शकत नाही, ही वस्तुस्थिती पुढील औषधांची आखणी करताना दृष्टिआड करता येणार नाही.

याउलट लहान रेणूंची औषधे पेशीत प्रवेश करू शकतात. डॉक्सिसायक्लिन हे सुपरिचित प्रतिजैविक जिवाणूंना मारण्यास अपुऱ्या ठरणाऱ्या अल्प मात्रेतही एमएमपी विकरांना रोखते. हिरड्यांच्या विकारासाठी अशा अल्प मात्रेला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. इटलीत हृदयविकाराच्या तीव्र झटक्यानंतर डॉक्सिसायक्लिन दिलेल्या रुग्णांची एक चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या डाव्या जवनिकेचा विस्तार तुलनेने कमी झाल्याचे तीत नमूद आहे. हा लाभ विकराच्या आतील कार्याला रोखल्यामुळे झाला की बाहेरील, हे या चाचणीवरून ठरविता येत नाही. परंतु प्रश्न कसा विचारावा, हे आता कळू लागले आहे.

अध्यापनाच्या संदर्भात दोन सूचना कराव्याशा वाटतात. पदवी स्तरावर पेशीबाह्य आधारद्रव्य हे प्रकरण बहुधा पेशीपटल व पेशीसंधी यांच्यासमवेत, तर प्रथिनांचे वहन हे प्रकरण स्वतंत्रपणे शिकविले जाते. ऑस्टिओपॉन्टिनसारखे एक उदाहरण घेतल्यास भाषांतरण, संकेतक्रम, स्रावमार्ग, आधारद्रव्य आणि प्रतिकारशक्ती ही पाच प्रकरणे एका सूत्रात गुंफता येतात. दुसरे असे की, डीएमपी-१ च्या उदाहरणातून विद्यार्थ्यांना विज्ञानातील मतभेद कसे मिटतात किंवा निदान कसे स्पष्ट होतात, हे दाखविता येते. कोणत्याही खर्चिक उपकरणाविना वर्गात हे करता येण्याजोगे आहे : ‘या दाव्याची परीक्षा तुम्ही कशी घ्याल?’ एवढा प्रश्न विचारणे पुरेसे आहे.

९. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, पेशीबाह्य आधारद्रव्यातील काही प्रथिने पेशीच्या आतही कार्य करतात. मात्र हा सर्वसाधारण नियम नसून प्रत्येक प्रथिनाबाबत स्वतंत्रपणे सिद्ध करावयाची बाब आहे. दुसरा, आत राहण्याचे मार्ग भिन्न आहेत आणि आंतर्द्रव्यजालिकेची पोकळी व पेशीद्रव यांतील भेद प्रत्येक वेळी लक्षात ठेवणे आवश्यक आहे. तिसरा, आतील कार्य बाहेरील कार्याची केवळ पुनरावृत्ती नसते; ते पूरक, भिन्न किंवा घातकही असू शकते. चौथा, जनुक-वंचित प्राण्यांवरील जुन्या निष्कर्षांचे, विशेषतः ज्या जनुकांपासून दोन रूपे तयार होतात त्यांच्याबाबत, पुनर्वाचन होणे गरजेचे आहे.

‘पेशीबाह्य’ हे विशेषण प्रथिन प्रथम कोठे सापडले, हे सांगते. ते आणखी कोठे असू शकत नाही, असे सांगत नाही. संज्ञा आणि वस्तुस्थिती यांतील हे अंतर ओळखणे संशोधकाइतकेच अध्यापकाचेही कर्तव्य आहे. कारण वर्गात आपण जी संज्ञा देतो, तिच्याच चौकटीत विद्यार्थी पुढे अनेक वर्षे विचार करीत असतो.